छोटा डेस्कटॉप अपग्रेड करायचाय? आधी उघडा, मग खरेदी करा

टायनी, मायक्रो, मिनी अशा नावांनी मिळणारे, जाडजूड डायरीएवढे डेस्कटॉप आता सोलापुरात सगळीकडे दिसतात. टॅक्सचं काम करणाऱ्यांच्या टेबलावर, गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये, डीटीपीच्या दुकानात, घरात मुलांच्या अभ्यासाला. त्यातले बरेचसे मोठ्या कंपन्यांतून निघालेले आणि साफसूफ करून पुन्हा विकलेले असतात. घेणाऱ्याचं पहिलं मत साधारण ठरलेलं असतं: जागा कमी घेतो, आवाज करत नाही, पण जरा संथ आहे. मग लगेच रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) मागवली जाते आणि इथून घोळ सुरू होतो. रॅम खाचेत बसत नाही, एसएसडी दिसत नाही, विंडोज भलताच ४८ आकडी कोड मागतं, टॅलीचा डेटा सापडत नाही.

यातलं जवळजवळ काहीच भाग खराब असल्यामुळे होत नाही. क्रम चुकलेला असतो. म्हणून खाली दिलेला क्रम तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका.

१. पहिला आठवडा: काही बदलू नका, निरीक्षण करा

मशीन संथ आहे म्हणजे नेमकं काय कमी पडतंय, हे आधी कळायला हवं. नेहमीचं काम सुरू ठेवा: टॅली, ब्राउझरच्या पाच-सहा टॅब, प्रिंटर, जे काही असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा.

डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. एसएसडीने मशीनचा नूर पालटेल. मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. दोन्ही निवांत आणि प्रोसेसर मात्र १०० टक्क्यांवर, असं असेल तर रॅम-एसएसडीवर पैसे घालून फार फरक पडणार नाही. हे कटू आहे, पण खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

त्याच खिडकीत प्रोसेसरचा वेगही दिसतो. काम चालू असतानाही तो ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपासच रेंगाळत असेल तर अडॅप्टर तपासा. डेलच्या मशीनला अडॅप्टरची ओळख पटली नाही तर ते वेग मुद्दाम खाली ठेवतं, आणि सुरू होताना तसा संदेशही दाखवतं. दुकानातून ‘सगळ्याला चालतंय की’ म्हणून दिलेला अडॅप्टर हे याचं नेहमीचं कारण. ६५ वॅटची मागणी असलेल्या मशीनला कमी वॅटचा अडॅप्टर चालवू नका. व्होल्टेजही लेबलशी जुळलं पाहिजे.

याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी उरका, कारण मशीन परत करायची मुदत बहुधा थोडीच असते.

पहिली, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरता येतंय का बघा. मशीन सुरू होताना ही बटणं दाबा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्हो थिंकसेंटरला एफ१. तिथे पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलाय. विकणाऱ्याकडूनच तो काढून घ्या, नाहीतर मशीन बदलून घ्या. हे नंतर निस्तरणं फार अवघड जातं.

दुसरी, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनमध्ये मोठा खर्च करण्याआधी याचा विचार करा. त्यात महागडी रॅम भरण्यापेक्षा तेच पैसे घालून आठव्या पिढीचं मशीन घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तपासा: काय कमी पडतंय ते एका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर अजून दोन दिवस बघा.

२. उघडून बघा आणि यादी करा

खरेदीच्या आधी मशीन एकदा उघडायचंच. इंटरनेटवर मॉडेलचं नाव टाकून मिळालेल्या माहितीवर विसंबू नका. एकाच नावाच्या मशीनमध्ये वर्षागणिक आतली रचना बदललेली असते.

मशीन शटडाउन करा. स्लीप चालणार नाही. अडॅप्टरची वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. कोरड्या लाकडी टेबलावर काम करा. चादरीवर किंवा टॉवेलवर मशीन उघडू नका. आपल्याकडे घरात हाताशी तेच असतं, पण त्याचे तंतू खाचांमध्ये जातात आणि घर्षणाने स्थिर वीजही तयार होते. आत हात घालण्याआधी मशीनच्या धातूच्या उघड्या भागाला स्पर्श करा आणि अधूनमधून करत राहा. हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तर हे विसरूच नका.

बहुतेक छोट्या डेस्कटॉपना मागे एकच स्क्रू असतो. तो सैल केला की झाकण सरकतं. ओढून उचकटू नका, आधी सरकवा. काहींमध्ये हार्ड डिस्कची चौकट आणि पंखा बाजूला केल्याशिवाय रॅम दिसत नाही. लेनोव्होच्या काही टायनी मॉडेलमध्ये रॅम आणि एम.२ ची (पट्टीसारखी एसएसडी बसवायची) खाच पोटाखाली, वेगळ्या झाकणाआड असते. काहीही सुटं करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायर कुठून कुठे गेलीय ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.

आता हे नीट बघून कागदावर उतरवा:

रॅम: एक लिटरच्या, म्हणजे साधारण एक लिटर आकारमानाच्या डायरीएवढ्या मशीनमध्ये लॅपटॉपची आखूड रॅम लागते. त्याहून थोड्या मोठ्या, उभ्या ठेवायच्या स्लिम डेस्कटॉपमध्ये मात्र पूर्ण लांबीची लागते. दुकानात दोन्हीला ‘मिनी’च म्हणतात आणि तिथेच गफलत होते. रॅमच्या लेबलवर डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ ते लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या रॅममध्ये यांना अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि पिनांमधला काप वेगवेगळ्या जागी असतो. एकाची दुसऱ्यात बसत नाही, जोर लावला तर खाच तुटते. डीडीआर३ असेल तर कमी व्होल्टची, १.३५ व्होल्टवर चालणारी आहे का तेही बघा.

रॅमच्या खाचा किती: दोन असतील तर उत्तम. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवरच्या स्वस्त मिनी पीसीत रॅमपर्यंत डेटा जायला एकच वाट (चॅनेल) असते आणि इंटेलची अधिकृत मर्यादा १६ जीबी आहे. काहींची रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते, तिथे विषयच संपला.

एम.२ ची खाच: लांबी मोजा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. २२४२ आणि २२३० हे आखूड प्रकार. वायफाय कार्डाची खाचही तशीच दिसते, तिच्यात एसएसडी घालायचा प्रयत्न करू नका. मग खाच सॅटा (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडीसाठी आहे की एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) एसएसडीसाठी, हे मॉडेलच्या कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पक्कं करा. फक्त खाचेत शिरली म्हणजे चालेल असं नाही. एम.२ नसेलच, तर अडीच इंची सॅटा एसएसडी घ्या. तीही जुन्या हार्ड डिस्कपुढे विमान वाटते.

एसएसडी आवळायचा बारका स्क्रू जागेवर आहे का? वापरलेल्या मशीनमध्ये तो बहुतेक वेळा गायब असतो, आणि मग लोक चिकटपट्टी लावतात. उष्णतेने ती सुटते.

तपासा: मॉडेल क्रमांक, रॅमचा प्रकार आणि खाचा, एम.२ ची लांबी आणि प्रकार, अडॅप्टरचे वॅट. हे सगळं कागदावर आलं की झाकण लावा. आज काहीच बसवायचं नाही.

३. खरेदी

नवी पेठेतल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा, यादी समोर ठेवा. दुकानात जाताना जुनी रॅम काढून सोबत नेली तर वाद उरत नाही, फक्त ती प्लास्टिकच्या साध्या पिशवीत नको, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत न्या. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल क्रमांक लिहून मागा. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.

रॅम दोन सारख्या कांड्यांची घ्या. १६ जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा ८ अधिक ८ बरी, कारण या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. दोन कांड्या असल्या की त्याला दोन वाटा मिळतात. मशीन २४०० वर चालणारं आणि रॅम ३२०० ची, तरी हरकत नाही, ती खालच्या वेगाने चालेल.

एसएसडीत वेगाच्या आकड्यामागे धावू नका. जुन्या पिढीच्या खाचेचा कमाल वेग सेकंदाला साधारण ३५०० एमबी. तिथे ७००० वाली एसएसडी घातली तरी तेवढंच मिळणार, वर ती जास्त तापू शकते. साधी, नावाजलेल्या कंपनीची, ५०० जीबीची पुरे. स्क्रू वेगळा मागून घ्या.

प्रोसेसर बदलायच्या फंदात पडू नका. या मशीनमध्ये बहुधा ३५ वॅटचा प्रोसेसर असतो. पंखा आणि अडॅप्टर त्याच मापाचे असतात. ६५ वॅटचा बसवला तर सोलापूरच्या उन्हाळ्यात तो धापा टाकणार.

४. बॅकअप, आणि तो उघडून बघणं

लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करतात आणि समाधान मानतात. खरा जीव अडकतो तो दुसरीकडे:

- टॅलीचा डेटा फोल्डर. तो कुठे आहे ते टॅलीच्याच पडद्यावर दिसतं, अंदाज करू नका.
- फॉन्ट. लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्यांकडे मराठी, कन्नड, तेलुगू असे तिन्ही लिप्यांचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. ते गेले तर जुनी फाइल उघडेल, पण अक्षरांऐवजी खुणा दिसतील. विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करा.
- डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलचा ड्रायव्हर आणि पासवर्ड.
- ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क.
- प्रिंटरचं नेमकं मॉडेल. जुन्या डॉट मॅट्रिक्सचा ड्रायव्हर शोधायला वेळ जातो.

सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, महत्त्वाचं तेवढं आणखी एका ठिकाणी. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

सावधान: विंडोजचं एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवायची सोय) चालू असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. अनेकांना ते चालू आहे हेच माहीत नसतं. सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, चालू असेल तर की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून शोधून कागदावर लिहा आणि काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करा. ही की नसली तर डेटा कुणीही परत काढून देऊ शकत नाही.

विंडोजच्या अधिकृत डिजिटल लायसन्सची मात्र काळजी नको. ते मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, एसएसडी बदलल्याने जात नाही.

५. भाग बसवण्याआधी साफसफाई

ही पायरी बाकीच्या शहरांत एक वेळ टाळता येईल, इथे नाही. सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या आसपास चालणारं मशीन उघडलं की धूळ नाही, सुताचे तंतू दिसतात. पंखा ते आत ओढतो आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पात्यांवर गोधडीच्या अस्तरासारखा थर जमतो. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो. थर त्याच्या खाली, पात्यांच्या तोंडाशी असतो. पंख्याचे स्क्रू काढल्याशिवाय तो दिसतच नाही.

पंखा उचला. थर चिमट्याने अख्खा सोलून काढा. फुंकर मारली किंवा ब्लोअर आधी चालवला तर तो तुटून पात्यांच्या आत जातो. मोठा थर निघाल्यावर मऊ ब्रश, मग हवेचा झोत. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट वेगाने फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकू नका, ओलावा जातो. घरातला व्हॅक्युम क्लिनर बोर्डाजवळ नेऊ नका.

मशीन चार-पाच वर्षं जुनं असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्टही बदला. जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा आणि हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर हीटसिंक तिरका बसतो.

खोलीचं तापमान इथे फार महत्त्वाचं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर एप्रिल-मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८५ च्या घरात जातो. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावं.

तपासा: नवे भाग न लावता मशीन जोडून एकदा सुरू करा. पंखा फिरतोय, विंडोज येतंय, तर पुढे जा. आत्ता काही बिघडलं तर कारण साफसफाईतच आहे हे तरी नक्की कळेल.

६. रॅम बसवा, फक्त रॅम

रॅम आणि एसएसडी एकाच बैठकीत बसवण्याचा मोह आवरा. दोन्ही बसवलं आणि पडदा काळा राहिला तर शोधणार कुठे?

वायर काढा, बटण दाबून धरा. दोन्ही बाजूंच्या कड्या बाहेर ढकलल्या की जुनी कांडी आपोआप वर येते. नवी कांडी तिरकी धरा, काप जुळवा, आत ढकला. सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की मग खाली दाबा. दोन्ही कड्या टक् असा आवाज करून बसल्या पाहिजेत. सोनेरी पिनांना बोट लावू नका. खोडरबर घासायची जुनी सवयही सोडा, मुलामा पातळ असतो. अल्कोहोल लावलेलं तंतू न सुटणारं कापड पुरेसं आहे.

सावधान: पहिल्यांदा सुरू करताना पडदा काळाच राहील, मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालू होईल. ते नवी रॅम तपासत असतं. डीडीआर५ मध्ये याला काही मिनिटं लागतात. घाबरून वायर उपटू नका.

तरीही काही आलं नाही तर एकच कांडी लावून बघा, मग दुसरी, मग खाच बदलून. बहुतेक वेळा कांडी अर्धवट बसलेली असते.

तपासा: टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण रॅम आणि दोन्ही खाचा भरलेल्या दिसल्या पाहिजेत. रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसली तर कांडी बदलून घ्या. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणू नका, अशी रॅम हळूहळू फाइली बिघडवते.

७. एसएसडी

एम.२ एसएसडी तिरकी आत सरकवा, खाली दाबा, स्क्रू हलक्या हाताने आवळा. वरचं लेबल सोलू नका, वॉरंटी जाते. मशीनमध्ये उष्णता शोषणारी पट्टी असेल तर तिच्यावरचं प्लास्टिक मात्र काढा. झाकण लावण्याआधी बायोसमध्ये जाऊन एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. तिथे दिसली नाही तर विंडोजमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

आता निवड: जुनं विंडोज जसंच्या तसं उचलायचं की नवं टाकायचं. वापरलेलं मशीन घेतलं असेल तर नवंच टाका. विकणाऱ्याने आत काय भरलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि तिथेच आपण बँकेचे पासवर्ड टाकणार असतो. आधीपासून आपलंच मशीन असेल आणि सॉफ्टवेअरची लायसन्सं पुन्हा मिळवणं त्रासाचं असेल, तर क्लोन करा.

नवं टाकताना: किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने तयार करा, आणि जुनी हार्ड डिस्क प्रत्यक्ष काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर विंडोज एसएसडीवर बसतं, पण सुरू करून देणारा छोटा भाग जुन्या डिस्कवरच राहू शकतो. पुढे कधी ती डिस्क काढली की मशीन उठतच नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते. इन्स्टॉल करताना एसएसडी यादीत दिसली नाही तर बायोसमधली स्टोरेजची पद्धत बघा, ती ‘रेड’ (RAID) वर असेल तर ‘एएचसीआय’ (AHCI) करा. हा बदल फक्त नवं विंडोज टाकणाऱ्यांनी करायचा. चालू विंडोजवर अचानक केला तर निळा पडदा येतो.

क्लोन करताना: आधी क्रिस्टल डिस्क इन्फोने जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ दाखवत असेल तर क्लोनचा नाद सोडा, फाइली वाचवा आणि नवं विंडोज टाका. ठीक असेल तर एसएसडीच्या कंपनीचं क्लोनचं साधन किंवा क्लोनझिला वापरा. क्लोनझिलामध्ये कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी हे आकारमान वाचून दोनदा ताळा करा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. काम संपलं की मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिल्यांदा फक्त नव्या एसएसडीवर सुरू करा. दोन्ही एकत्र ठेवून सुरू केलं तर कोणती चालू आहे तेच कळत नाही.

क्लोन किंवा इन्स्टॉल चालू असताना लाईट जाणार नाही याची सोय हवी. ६०० व्हीएचा साधा यूपीएस या मशीनला आणि मॉनिटरला पुरतो. बायोस अपडेट तर यूपीएसशिवाय कधीच करू नका. मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं बंद पडू शकतं.

८. कामाला लावण्याआधी

विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, मग मशीनच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेटचा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर ‘शोधून देणारी’ फुकटची सॉफ्टवेअरं टाकू नका. मराठी कीबोर्ड आणि फॉन्ट टाका, एक जुनी फाइल उघडा, टॅलीतला एक व्हाउचर उघडा, डोंगल लावून एकदा सही करून बघा, एक प्रिंट काढा. प्रत्येक वेळी सुरू करताना घड्याळ मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला.

मशीन टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा यूपीएसच्या डोक्यावर ठेवू नका. मॉनिटरच्या मागे लावलं तरी हवा यायला जायला जागा सोडा. यंत्रमाग जवळ असतील तर दर तीन महिन्यांनी झाकण उघडून पात्यांच्या तोंडाशी टॉर्च मारा.

काढलेल्या हार्ड डिस्कवर तारीख लिहा आणि महिनाभर तिला हात लावू नका. महिनाअखेर, जीएसटीचं रिटर्न, पगारपत्रक असं एक पूर्ण चक्र नव्या एसएसडीवर पार पडलं की मग ती पुसून यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या डब्यात (एन्क्लोजरमध्ये) घाला आणि बॅकअपला वापरा. विकायची असेल तर नुसतं झटपट फॉर्मॅट करून देऊ नका, त्यातून फाइली परत काढता येतात. पूर्ण पुसायला काही तास लागतात, तेवढे द्या.